सापडलंय, पण घेववत नाही

ताई, नमस्कार. मी परभणीचा. वय 47, सरकारी नोकरी. मला जुनी मनगटी घड्याळं जमवायचा नाद आहे. एचएमटी, फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड, हैदराबादचं ऑलविन अशी मिळून 63 झाली. एखाद्या रविवारी संभाजीनगरला जाफर गेटचा बाजार, कधी देवगिरीनं सिकंदराबाद, नाहीतर जालना, नांदेड, अंबाजोगाईचे जुने दुरुस्तीवाले. रात्री मोबाइलवर शोध चालूच. घड्याळ हाती येईपर्यंत झोप लागत नाही आणि आलं की आठ दिवसांत कपाटातल्या डब्यात जातं. त्यातली चालू किती, ते सांगता येणार नाही. पण कुठलं कुठून आणलं, ते झोपेतून उठवून विचारा. वडिलांच्या हातात होतं तसं देवनागरी आकड्यांचं एचएमटी जनता, डायल नव्यानं न रंगवलेलं, मी कैक वर्षं शोधत होतो. दिवाळीआधी उदगीरला एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्यांकडं सापडलं. 4,000 म्हणाले. "ठेवा बाजूला, येतो," म्हणालो आणि अजून गेलो नाही. घेतलं की शोध संपला, मग काय? बायको म्हणते, "अजून किती आणायलात? हात दोनच आहेत." तिला मी किंमत निम्मीच सांगतो. शोधण्यात जी मजा ती जवळ असण्यात का नाही? हा आजार आहे का? सगळी विकून टाकू का?
— घड्याळवेडा, परभणी

भाऊ,

आजार वगैरे काही नाही. पगार घरात येतोय, उधारी केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, लेकरांच्या फिया थांबल्याचंही नाही. नाद आहे, आणि नाद माणसाला असावाच. ज्यांना कसलाच नाद नाही अशांची पत्रं मला जास्त येतात.

शोधाची मजा खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. जाफर गेटला ताडपत्रीवर पाने, पकडी, नळाच्या तोट्या मांडलेल्या असतात आणि एखाद्याच्या पुढ्यात पत्र्याच्या डब्यात घड्याळांचा गुंता. त्यातलं एक उचलायचं, चावीचे दोन पेच द्यायचे, कानाला लावायचं. चाललं तर सेकंदाला पाच ठोके. मग उजेडाकडं तिरपं धरून डायल बघायची. 'पॅराशॉक'ची (मशीन धक्का सोसतं, अशी डायलवरची खूण) अक्षरं जाड झालीत का, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळतात का, कडेला रंग साचलाय का. विकणारा "एकदम ओरिजनल, साहेब" म्हणत असतो आणि तुम्हाला कळलेलं असतं की डायल परवा रंगवलीय. ही नजर विकत मिळत नाही, ती बाजार पालथे घालूनच येते. दिवसभर फायली पुढं सरकवणाऱ्या माणसाला आठवड्यातनं एकदा आपण कशात तरी पक्के आहोत असं वाटत असेल, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले.

(रात्रीच्या मोबाइलला मात्र मी शोध म्हणत नाही. तिथं घड्याळ कानाला लावता येत नाही, मशीन उघडून बघता येत नाही, आणि निळ्या-नारिंगी चकाचक डायलची 'न वापरलेली जुनी' घड्याळं बहुतेक नव्यानं रंगवलेलीच असतात. झोप घालवण्यापुरता तो उद्योग बरा.)

मिळाल्यावर ओढ ओसरते, यातही नवल नाही. मिशिगन विद्यापीठातले मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी उंदरांवर बरीच वर्षं काम केलं. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळपास संपवलेले उंदीर समोरचं अन्नसुद्धा खाईनात. पण गोड पाणी जिभेवर घातलं की नेहमीसारखे ओठ चाटायचे. म्हणजे ओढ लावणारी यंत्रणा वेगळी, गोडी देणारी वेगळी. त्यांच्या मते ओढीची यंत्रणा मोठी आणि दांडगी आहे, गोडीची लहान आणि नाजूक. नव्याचे नऊ दिवस आपल्याकडं उगाच मोजलेले नाहीत. तुमचे आठ भरतात, एवढाच फरक.

पण शोध भारी की असणं भारी, याचा निकाल तुम्ही एकाच बाजूचं ऐकून लावायला निघालात. शोधाला तुम्ही इतके रविवार दिलेत. असण्याला काय दिलंत? आठ दिवस आणि एक डबा.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय, 'तिला मी किंमत निम्मीच सांगतो.' तुम्हाला ते किरकोळ वाटलं असणार. मला तिथंच गाठ दिसते. 3,000 चं घड्याळ घरात 1,500 चं म्हणून शिरलं, की त्याला मोकळेपणानं हातात बांधता येत नाही. जेवताना कुणी "हे नवीन का?" विचारलं की पुढचा प्रश्न पैशाचा. मग त्यापेक्षा डबा बरा. चोरून आणलेला आंबा ओसरीवर बसून खाता येत नाही, तशातली गत. गोडी आधीच नाजूक, त्यात तिला तुम्ही लपवून ठेवलंत. मग असण्यात मजा नाही म्हणता, ती येणार कुठून?

तुमच्या वडिलांचं उदाहरण घ्या, कारण शोध त्यांच्याच घड्याळापासून सुरू झालाय. त्या पिढीकडं घड्याळ एकच. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं एचएमटीनं बंगळुरूत घड्याळं करायला सुरुवात केली आणि पुढं आपल्याकडं जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटी हे ठरून गेलं. वडिलांनी जनता रोज सकाळी चावी देऊन बांधलं असणार. आकाशवाणीवर बातम्यांआधीची पिप-पिप ऐकून काटे जुळवले असणार. चावीचं घड्याळ एकदा भरलं की दीडेक दिवस चालतं, त्यामुळं त्याला रोज हात लावावाच लागतो. पेच देताना बोटाला आधी हलकं लागतं, मग जड होत जातं, मग अडतं. तिथं थांबायचं. हे रोजचं काम म्हणजेच चावीचं घड्याळ जवळ असणं. कपाटात बंद पडलेलं घड्याळ तुमच्या मालकीचं असेल, पण ते तुमच्याजवळ आहे असं मी म्हणणार नाही. शिवाय पडून राहिलं की आतलं तेल सुकतं, चिकट होतं आणि चांगलं मशीन अडकायला लागतं.

सिकंदराबादपर्यंत जाताच, तर एकदा तसंच पुढं हैदराबादच्या सालारजंग म्युझियमला जा. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान. 1912 ते 1914 निजामाचे दिवाण होते, ते पद सोडलं आणि 1949 मध्ये जाईपर्यंत वस्तू जमवण्यातच रमले. तुमच्या जातीचेच, फक्त खिसा फार मोठा. त्यांच्या संग्रहातलं कुक अँड केल्व्ही कंपनीचं मोठं घड्याळ तिथं आहे. तास भरायला आला की आतून एक छोटा दाढीवाला बाहेर येतो आणि घंटेवर ठोके देतो. त्यासाठी लोक बाकांवर आधीपासून बसलेले असतात, लेकरं मांडीवर घेऊन. कुणाच्याच मालकीचं नाही आणि सगळे बघून खूश. तिथं जायचं कारण एवढंच, की घड्याळ चालू असलं तर बघणाऱ्याला काय देतं ते तुम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही. डबा बंद असतो ना.

आता उदगीर.

यात मात्र मी तुमच्या बाजूनं नाही. शोध संपू नये म्हणून तुम्ही थांबलात, हे तुमच्यापुरतं ठीक. पण त्या म्हाताऱ्या माणसानं ते घड्याळ तुमच्या शब्दावर बाजूला ठेवलंय. दिवाळीपासून त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवलंही नसेल. 4,000 रुपये तुमच्या पगारात काय आहेत ते तुम्हाला ठाऊक. हल्ली सेल आणि पट्टे बदलण्यावर चालणाऱ्या दुकानात ती रक्कम केवढी असते, तेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमच्या शोधाची मजा त्यांच्या ड्रॉवरमध्ये अडकवून ठेवायचा तुम्हाला हक्क नाही. येत्या रविवारी जाफर गेटला जाऊ नका. परळीमार्गे उदगीरला जा. घ्यायचं तर घ्या, नाही तर समोर बसून "नको" म्हणा आणि त्यांना मोकळं करा. फोनवर नको.

माझं विचाराल तर घ्या. शोध संपेल ही भीती मला पटत नाही. 63 घड्याळं जमवणारा माणूस चौसष्टाव्यावर थांबल्याचं कुणी ऐकलंय? उलट घाई करायला हवी, कारण 2016 मध्ये केंद्रानं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतल्यावर नवं मशीन, नवे सुटे भाग येणं थांबल्यातच जमा आहे, आणि जुनं मशीन उघडून बॅलन्सच्या चाकाचा तोल बघून सांगणारी माणसं गावोगावी कमी होत चाललीत. त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं लागतात. तुमच्यासारख्यानं घड्याळांइतकाच या माणसांचा शोध घेतला तर मला जास्त आवडेल. उदगीरला गेलात की तासभर बसा. कुठं शिकले, हैदराबादेत की सोलापुरात, पहिलं घड्याळ कोणतं उघडलं, ते विचारा. चहा तुम्ही सांगा.

पण घ्यायच्या आधी घरी बोला. वहिनींना खरी किंमत सांगा, या एका घड्याळाची नव्हे, सगळ्यांची. आठवतील तेवढ्या कागदावर लिहा आणि कागद त्यांच्या हातात द्या. एक-दोन दिवस घरात कढत राहील, ते तुम्ही कमावलेलं आहे, सोसा. मग महिन्याला नादासाठी किती, हा आकडा दोघांनी मिळून ठरवा. त्यांनी ठरवलेला आकडा तुम्हाला कमी वाटेल. चालेल. पैसा कमी असला की शोधाला धारच येते.

"किती आणायलात" असं त्या विचारतात, "का" असं विचारत नाहीत. त्यांना नाद मान्य दिसतो, मला तरी पत्रावरून तसं वाटलं. एचएमटीचं सुजाता हे बायकांचं चावीचं घड्याळ तुमच्या डब्यात आहे का? असेल तर ते कपाटात कशाला ठेवलंय, याचं उत्तर मला नको, त्यांना द्या.

सगळी विकू नका, निदान या वर्षी नको. रागाच्या किंवा पश्चात्तापाच्या भरात विकायला काढलं की घेणारा सगळा लॉट एकदम मागतो आणि फेवर-ल्यूबाला रंगवलेल्या जनताचा भाव लावतो. आधी डबा जेवणाच्या टेबलावर रिकामा करा. चालू किती, बंद किती, ते बघा. रोज एक, पाळीपाळीनं, ऑफिसात बांधून जा. तीनेक महिन्यांत 63 वर फेरी पूर्ण होते. एखादं दिवसभर हातात असून त्याकडं बघावंसंच वाटलं नाही, तर ते तुमचं नव्हतं. ते ज्याला हवं आहे अशा कुणाला तरी द्या, त्यातली उणीव सांगून, डायल रंगवलेली असेल तर रंगवलेली म्हणून. तुमच्यासारखे आपल्या वडिलांच्या घड्याळाचा जोड शोधणारे मराठवाड्यात पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी बाजार धुंडाळलात तर शोधाची मजा तुमची आणि घड्याळ त्यांच्या घरी. कपाटही भरणार नाही. फक्त याचा धंदा करू नका. नफा आला की रविवारचं ऑफिस होतं.

आणि एवढं सगळं करूनही शोधच भारी वाटला, तर वाटू द्या. दोन्ही बाजू ऐकून लावलेला निकाल मला मान्य आहे.

एक काम मात्र आज रात्रीच करा. सेलवर चालणारी आणि बंद पडलेली घड्याळं डब्यात असतील, तर ती वेगळी काढा. जुना सेल गळला की आतलं मशीन खातो. मागचं झाकण घरच्या सुरीनं उघडायला जाऊ नका, ती सगळी एका रुमालात बांधून सेल काढायला उदगीरला न्या. सोबत चावीची चार-पाच सर्व्हिसिंगला द्या आणि सांगतील ते पैसे द्या, तिथं घासाघीस नको.