बुद्धिबळातलं ऑनलाइन रेटिंग १४००च्या आसपास अडकलंय, रोज खेळूनही वाढत नाही. काय करावं?

आधी तीन मिनिटांचे डाव कमी करा, त्यात जुन्याच सवयी पक्क्या होतात. आठवड्याला दोन-तीनच डाव खेळा, पण निवांत वेळेचे. डाव संपला की लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, लावू नका. कुठे घाबरलात, समोरच्याची कुठली चाल दिसलीच नाही, हे आधी स्वतः लिहून काढा. खरी वाढ इथेच होते आणि नेमकं हेच बहुतेक जण टाळतात.

ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पाठांतरं थांबवून हत्ती-प्याद्यांचे शेवट शिका. समजा, समोर हत्ती आणि एक प्यादं, तुमच्याकडे फक्त हत्ती. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत असेल, तर हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरून ठेवा. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्या आणि मागून शह देत राहा. डाव बरोबरीत सुटतो. यालाच फिलिडोर स्थिती म्हणतात.

धीर धरा. आपल्या नाशिकचे विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाले, २७०० रेटिंगचा टप्पा त्यांनी २०१७ मध्ये गाठला. आणि शहरात होणाऱ्या समोरासमोरच्या स्पर्धा जरूर खेळा. तिथे चाली हाताने लिहाव्या लागतात. तपासायला तेच डाव घ्या.