कौलारू घरावर सोलर बसवण्याआधी

पॅनेल घ्यायच्या आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा साधारण ३०. तेवढं पॅनेल कमी लागतं.

एका किलोवॅटला उन्हाळ्यात दिवसाला चार युनिट धरा, आषाढ-श्रावणात ती आशा सोडा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे. पण बॅटरीविना ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेली, सिस्टीम लाइट गेली की बंद पडते. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात श्रीवर्धनकडे काय हाल झाले ते आठवा. म्हणून दोन दिवे, एक पंखा आणि मोबाईल यांच्यापुरतं छोटं पॅनेल बॅटरीवर वेगळं ठेवाच.

खारा वारा लोखंड खातो. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्या. इथे काटकसर नको. कौलांवर न चढवता खळ्यात (अंगणात) पक्का पाया घालून उभं करा, माडांपासून लांब. एका झावळीच्या सावलीनेही वीज बरीच घटते, शिवाय नारळ पडला की काच गेली.

आणि घरामागे पऱ्ह्या (छोटा ओढा) असेल तर तुम्ही भाग्यवान! सेकंदाला १० लिटर पाणी १० मीटर खाली येत असेल, तर त्यावर छोटं टर्बाइन लावून निम्मी शक्ती वाया जाऊनही ५०० वॅट मिळतात, तेही ऐन पावसात, रात्रंदिवस. पाण्याची धार बादली लावून मोजा, उतार पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने.