सरकारी इमारतीवर आर्किटेक्टची देखरेख कुठवर असते?

तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमच्या भागातल्या नव्या सरकारी वसतिगृहाच्या बोर्डावर कार्यकारी अभियंता, ठेकेदार, रक्कम सगळं आहे, मग आर्किटेक्ट कुठाय, आणि त्यानं साइटवर येऊन बघायला नको का? माझी नोकरी बांधकाम खात्यात, सोलापूर जिल्ह्यातच गेली, म्हणून आतली रीत सांगतो.

सार्वजनिक बांधकाम विभागात मुख्य वास्तुशास्त्रज्ञांची (खात्यात आर्किटेक्टला वास्तुशास्त्रज्ञ म्हणतात) वेगळी शाखा आहे. मुख्य कार्यालय मुंबईत, हाताखाली उपमुख्य वास्तुशास्त्रज्ञ. ज्या खात्याला इमारत हवी ते आपली मागणी कळवतं, आर्किटेक्ट नकाशा काढतो, त्यावरून अभियंते अंदाजपत्रक बांधतात. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. वर्क ऑर्डर निघाली की एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मोजमाप-वही, लिहिण्यापासून बिल पास होईपर्यंत सगळा कारभार अभियंत्यांकडे. आर्किटेक्टच्या सहीवाचून बिल अडत नाही, त्यामुळे साइटवर त्याचा शब्द किती चालणार ते ओळखा. झेडपी आणि महापालिकेची यंत्रणा निराळी, तो विषय इथे नको.

गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे जॉर्ज विटेट हेही मुंबई सरकारचे आर्किटेक्टच. तेव्हा सरकारी नकाशा म्हणजे सुमार, हा समज काढून टाका. घोळ नकाशानंतर होतो.

एक उदाहरण देतो, ऑफिसचं नाव घेत नाही. नकाशात जोतं दीड फूट आणि रॅम्प अठरा फूट, म्हणजे १:१२, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, अगदी नियमाप्रमाणे. काम चालू असताना समोरचा रस्ता उंच झाला, पाणी आत येईल म्हणून जोतं अडीच फूट केलं. निर्णय बरोबरच होता. पण रॅम्प तेवढाच राहिला, कारण सुधारित नकाशा कुणी मागवलाच नाही. तीस फूट हवा तिथं अठरा, चढ जवळपास १:७. व्हीलचेअर ढकलायला दोन माणसं लागायची आणि उतरताना तिसरा पुढून धरायचा. अशा वेळी आर्किटेक्ट साइटवर असता तर त्यानं रॅम्प वळवून घेतला असता, जागा होती. पण त्याला कळवायचं कुणी? एका उपमुख्य वास्तुशास्त्रज्ञांकडे कितीतरी जिल्ह्यांची कामं असतात, ते बोलावल्याशिवाय येत नाहीत, आणि बोलावलं की काम थांबतं, म्हणून कुणी बोलावत नाही.

दुसरी भानगड टाइप प्लॅनची. एकच नमुना नकाशा राज्यभर फिरतो. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर, म्हणजे मे महिन्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. भिंतीपेक्षा स्लॅबच जास्त तापतो. जुन्या लोकांनी माळवदं उगाच जाड मातीची केली नव्हती. म्हणून इथल्या इमारतीत स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचा (फरशीच्या तुकड्यांचा) थर ही चैन नाही, गरज आहे. पण इस्टिमेट कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथंच लागते. पश्चिमेच्या खिडक्यांवर आडवा छज्जा दिला की काम झालं असं वाटतं, पण उतरतं ऊन त्याच्या खालून सरळ आत येतं, तिथं उभ्या फिन्सच, म्हणजे खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्याच, लागतात. या गोष्टी आर्किटेक्टला ठाऊक असतात. त्या अंदाजपत्रकाआधी नकाशात आल्या तर टिकतात, नंतर सुचवल्या तर ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून फायलीत पडून राहतात.

आता तुम्ही काय करायचं? आर्किटेक्ट साइटवर यावा म्हणून निवेदनं देत बसू नका. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून बांधकाम खात्याच्या विभागीय कार्यालयात, म्हणजे कार्यकारी अभियंत्यांच्या ऑफिसात, अर्ज टाका आणि तीन गोष्टी मागा: वास्तुशास्त्रज्ञांच्या सहीचा मंजूर नकाशा, त्यात पुढे केलेले बदल, आणि त्या बदलांना त्यांची संमती घेतल्याचं पत्र. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. कलम २(ञ) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही आहे, तोही त्याच अर्जात लिहा. पाहणीला जाताना टेप न्या आणि आधी जोतं, रॅम्प, संडासाच्या दाराची रुंदी एवढंच मोजा. तफावत निघाली आणि संमतीपत्र नसलं, तर तक्रार ठेकेदाराविरुद्ध करू नका. कार्यकारी अभियंत्यांना ‘सुधारित नकाशा कधी मागवणार’ असं लेखी विचारा आणि प्रत उपमुख्य वास्तुशास्त्रज्ञांना द्या. हे प्लास्टर व्हायच्या आत करा, पुढे तोडफोडीचा खर्च कोण करणार यावरच वर्ष जातं.