घरच्या घरी बटाट्याची छोटी तोफ कशी बनवावी आणि ती सुरक्षितपणे कशी वापरावी?

प्लास्टिकच्या पाइपात स्प्रे मारून ठिणगीने उडवायची तोफ तुम्ही व्हिडिओत पाहिलीत, आणि तशीच पण लहान तोफ नऊ वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या व्हिडिओतल्या तोफेचा नाद सोडा. लहान आकाराचीही नको. तिच्याऐवजी हाताने दाबायची बटाट्याची नळी करा. तिच्यात इंधन नाही, पंप नाही, दाब साठवायची टाकी नाही, आणि तरीही ‘फट्ट’ असा आवाज करत बूच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं. मी ती अनेक मुलांसोबत केली आहे.

आधी नाही का म्हणतो ते सांगतो, कारण कारण कळलं नाही तर मोह राहतोच. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी जाड पीव्हीसी पाइपची तोफ केली होती. पेटवायची नाही, सायकलच्या पंपाने हवा भरायची. पाइपवर दाबाचा आकडा छापलेला होता आणि आम्ही त्याच्या निम्म्यावरही गेलो नव्हतो. हवा भरत असतानाच जोडाजवळ पाइप फुटला. त्याचा बोटभर लांबीचा तुकडा मागच्या लाकडी दारात रुतून बसला. पंप मारणारा मित्र नेमका वाकलेला होता, म्हणून वाचला.

चूक आमच्या समजुतीत होती. पाइपवरचा आकडा पाण्यासाठी असतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पाइपला तडा गेला की थोडं पाणी बाहेर येतं आणि दाब लगेच उतरतो. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. तडा गेला तरी ती पसरतच राहते आणि पाइपचे धारदार तुकडे सोबत फेकते. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने, ओशाने, १९८८ मध्येच दाबलेल्या हवेसाठी जमिनीवर उघड्या टाकलेल्या पीव्हीसी पाइपबद्दल इशारा दिला होता. त्यात उष्णतेची भर पडली तर बघायलाच नको. ६० अंश सेल्सिअसला या प्लास्टिकची दाब सोसायची ताकद खोलीच्या तापमानाच्या तुलनेत पाव हिश्शाहूनही कमी उरते. आत जाळ करायचा म्हणजे हे सगळं एकदमच आलं. शिवाय पेटवून उडवायच्या तोफांना काही ठिकाणी शस्त्रांचेच कायदे लागतात.

आता आपली नळी. अॅल्युमिनियमची किंवा जाड पारदर्शक अॅक्रिलिकची सरळ नळी घ्या, आतला व्यास साधारण १.५ सेंटिमीटर, लांबी २५. काच अजिबात नको, ती हातातच फुटते. जमलं तर पारदर्शकच घ्या, कारण सगळी गंमत आत काय चाललंय ते दिसण्यात आहे. दोन्ही टोकांची कड बाहेरच्या बाजूने कानशीने थोडी उतरती करा म्हणजे बटाटा स्वच्छ कापला जातो. बोट कापेल इतकी धार मात्र लावू नका.

दट्ट्या म्हणून लाकडाचा गोल दांडा घ्या, नळीपेक्षा एक-दीड मिलिमीटर बारीक, पुढचं टोक सपाट. मागे मूठ, आणि मुठीच्या पुढे एक पक्की लाकडी चकती. ही चकती म्हणजे थांबा. ती अशा जागी बसवा की दांडा पूर्ण आत गेल्यावर त्याचं टोक नळीच्या तोंडापासून बरोबर १ सेंटिमीटर आत थांबेल. का, ते पुढे येईल.

बटाटा कच्चा, घट्ट आणि ताजा हवा. मऊ पडलेल्या बटाट्याचं बूच हवा धरत नाही. बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे त्याचं बूच नळीला घट्ट चिकटूनही बसतं आणि स्वतःच्याच रसावर सरकतंही. इतकं चांगलं, फुकटचं आणि दर वेळी नवं वॉशर दुसरं नाही! सालं काढून १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि त्या पाण्यात ठेवा. चकती लाकडी फळीवर ठेवून नळीचं एक टोक तिच्यातून दाबा, मग दुसरं. चकती तळहातावर धरून हे कधीही करू नका. आता दोन्ही टोकांना बुचं आहेत आणि मध्ये २३ सेंटिमीटर हवा कोंडलेली आहे. मागच्या बुचावर दांडा टेकवा आणि एका दमात आत ढकला. हळू ढकललंत तर हवा कडेने निसटते आणि फुसका बार होतो.

पुढचं बूच उडालं की मागचं त्याच्या जागी, नळीच्या तोंडाशी येऊन बसतं. थांबा १ सेंटिमीटर आधी ठेवला तो याचसाठी. आता फक्त मागे नवं बूच कापायचं, की नळी पुन्हा तयार. मुलांना हे उमगतं तो क्षण मला स्फोटापेक्षाही जास्त आवडतो.

रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम इथे हातात धरून बघता येतो. तापमान तेच राहिलं असं धरलं, तर हवेची लांबी निम्मी केली की दाब दुप्पट. २३ सेंटिमीटरची हवा ११.५ वर आल्यावर बूच सुटलं असं धरा. त्या बुचाचं क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावर बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १.८ किलो वजनाइतका जास्त रेटा आहे. पण हा रेटा त्याला किती अंतर मिळतो? बूच तोंडाशीच आहे, स्वतःच्या जाडीइतकं सरकलं की ते बाहेर. फक्त १ सेंटिमीटर! त्यामुळे या हिशेबाने २ ग्रॅमच्या बुचाला सुमारे ०.१८ ज्यूल ऊर्जा मिळते, आणि घर्षण शून्य मानलं तरी वेग सेकंदाला १४ मीटरच्या आत राहतो. घर्षण त्यातलंही बरंच खातं. याउलट २०० ग्रॅमचा अख्खा बटाटा सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला तर त्यात ९० ज्यूल असतात, पाचशेपट. खेळणं आणि हत्यार यांतला फरक मी या हिशेबावरून मानतो. नळीत तुमच्या हाताच्या रेट्याएवढीच ताकद येते.

तरी डोळा नाजूकच. ०.१ ज्यूलचं बूचही डोळ्याला इजा करू शकतं. म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला, नुसतं बघणाऱ्यालाही, कडेने बंद असलेला सुरक्षा-चष्मा हवा. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. नळीचं तोंड माणसाकडे किंवा जनावराकडे नको, नळी रिकामी असली तरी. समोर एक मोठं खोकं आडवं ठेवून त्यात जुनी चादर सैल टांगा. बूच चादरीत अडकतं, उसळून मागे येत नाही. नळीत बटाट्याशिवाय काहीही घालायचं नाही. खडे नाहीत, मणी नाहीत, खिळे तर नाहीतच.

बूच अडकलं तर आत डोकावायची इच्छा होतेच, आणि सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. आत दाब अजून शिल्लक असतो. तोंड खोक्याकडेच ठेवून दांडा पूर्ण बाहेर ओढा, मागचं बूच आपोआप थोडं मागे सरकेल आणि दाब उतरेल. मग मिनिटभर थांबा आणि नळीपेक्षा लांब, बारीक काडीने दोन्ही बुचं बाहेर काढा, कारण थांब्यामुळे दांडा तोंडापर्यंत पोचत नाही. हे काम तुम्ही करा, मुलीला देऊ नका.

तिला द्यायचं काम वेगळं आहे. नळीवर पेनाने दर सेंटिमीटरला खूण करायला सांगा. ‘फट्ट’ झालं तेव्हा मागचं बूच कुठे होतं, ते तिने बघून लिहायचं. डोळ्याला सापडलं नाही तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. मग बटाट्याच्या चकत्या दीड सेंटिमीटरच्या करा आणि थांब्याची लाकडी चकती अर्धा सेंटिमीटर दांड्याच्या टोकाकडे सरकवा, म्हणजे दांडा तोंडापासून दीड सेंटिमीटर आत थांबेल. बूच सुटायला जास्त दाब लागतो का, ते तिलाच शोधू द्या. पाच-पाच वेळा करा, कारण एकाच बटाट्याची दोन बुचंही सारखी वागत नाहीत.

खेळ संपल्यावर जमिनीवरचे तुकडे लगेच उचला, त्यांवरून पाय सटकतो. नळी आणि दांडा तेव्हाच धुऊन पुसून ठेवा. बटाट्याचा स्टार्च वाळला की खळीसारखा घट्ट होतो, आणि दुसऱ्या दिवशी दांडा अर्ध्यातच अडकतो.