टेम्प्लेटवरून राउटरने खाच पाडायची आहे. बिट आणि गाइड बुश कसे निवडावेत?

कठीण लाकडात राउटरने (लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) १०० × ६० मिमीची, १२ मिमी खोल खाच पाडायला बेअरिंगचा बिट (कापणारं पातं) घ्यावा की गाइड बुश, म्हणजे राउटरच्या बेसला बसणारी आणि टेम्प्लेटच्या (नमुना कापलेल्या फळीच्या) कडेला टेकून चालणारी नळी, असं तुम्ही विचारलंय. या कामाला मी बुशच घेईन. शँकवर (दांड्यावर) बेअरिंग असलेला बिट टेम्प्लेटची हुबेहूब नक्कल करतो खरा, पण पहिल्या उथळ फेरीत त्याचं बेअरिंग टेम्प्लेटच्या वरच राहतं, टेकायला काही मिळत नाही. बुश बेसलाच कसलेला असतो, त्यामुळे बिट कितीही खाली-वर झाला तरी आधार सुटत नाही. फळीची बाहेरची कड मारायला मात्र बेअरिंगचा बिट उत्तम.

आधी कोपरा ठरवा. १० मिमीचा बिट ५ मिमी त्रिज्येचा कोपरा सोडतो. काटकोन हवा असेल तर तो शेवटी पटाशीने काढावा लागेल. मग बुश. त्याच्या आत बिटाच्या चारी बाजूंना दीड-दोन मिमी जागा हवी, नाहीतर भुसा अडकून बिट तापतो आणि लाकूड करपतं. १० च्या बिटाला बाहेरून १६ मिमीचा बुश चांगला जमतो. (१६ − १०) ÷ २ = ३ मिमी, म्हणजे खाच टेम्प्लेटच्या कडेपासून दर बाजूला इतकी आत येते, म्हणून टेम्प्लेटचं भोक १०६ × ६६ कापा. मापं व्हर्नियरने घ्या, पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका: धार लावून बिट ९.६ झाला असेल तर खाच ९९.६ येईल आणि वस्तू बसणार नाही.

बुशची कॉलर (बेसखाली निघणारी नळी) टेम्प्लेटच्या जाडीपेक्षा आखूड असायलाच हवी, नाहीतर ती लाकडाला टेकून राउटर उचलला जातो. १२ मिमी एमडीएफ घेतलं की ही अडचण सहसा येत नाही. पण मग बिट बेसखाली २४ मिमी उतरायला हवा. प्लग काढून राउटर पूर्ण दाबून बघा, कॉलेटचा (बिट पकडणाऱ्या चिमट्याचा) नट बुशवर आपटत नाही ना. आपटत असेल तर लांब बिट आणा. आहे तोच कॉलेटमधून बाहेर ओढून लांबवू नका, पकड सुटते.

बुश बसवताना मध्य साधायचा शंकू वापरा. मध्य चुकला की राउटर फिरवाल तशी खाच एका बाजूला सरकते. शंकू नसेल तर हँडलची दिशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवा.

भुसा वर फेकणारा स्पायरल बिट, ३-३ मिमीच्या चार फेऱ्या, आतल्या कडेने घड्याळाच्या दिशेने. आधी टाकाऊ तुकड्यावर करा. खाच किंचित मोठी आली तर टेम्प्लेटच्या आतल्या कडेला टेप चिकटवून पुन्हा तपासा.