कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतो?

प्रश्न : शृंगारिक सिनेमे बघताना मला सारखं वाटतं की कॅमेरा पुरुषाचाच आहे, बाई नुसती दिसते, ती बघत कुठेच नाही. कमी दाखवलं की सिनेमा कलात्मक होतो का? आणि दिग्दर्शक बाई असली की हे बदलतं का?

उत्तर : तुम्हाला जे खटकतंय ना त्यावर सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्येच एक गाजलेला निबंध लिहिलाय, त्यांचं म्हणणं असं की हॉलिवूडच्या जुन्या सिनेमात बघतो तो पुरुष आणि बघितली जाते ती बाई, आणि प्रेक्षकही नकळत त्या पुरुषाच्या जागी जाऊन बसतो. तिथूनच ‘मेल गेझ’ म्हणजे पुरुषी नजर हा शब्द रुळला.

आता किती दाखवलं यावरून काहीच ठरत नाही असं माझं ठाम मत आहे. जेन कॅम्पियन यांचा ‘द पियानो’ (1993) बघा. त्यात नायिका एडाला तिचा पियानो परत हवाय आणि तो ज्याच्या ताब्यात आहे तो बेन्स तिच्याशी सौदा करतो, ती त्याला जवळ येऊ देईल तशी पियानोची एकेक पट्टी तिची होणार. ती वाजवत असताना हा पियानोखाली आडवा होतो, तिच्या काळ्या स्टॉकिंगला एक बारीकसं भोक पडलेलं दिसतं आणि तो त्यावर बोट ठेवतो, बस्स, उघडी कातडी दिसते ती एवढीशीच, पण अंगावर काटा येतो. सौदा जबरदस्तीचाच आहे, ती अस्वस्थता सिनेमा लपवत नाही आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तोच बेन्स एकदा पूर्ण नग्न होऊन स्वतःच्या शर्टानं पियानो पुसतो, म्हणजे आता बघितलं जाणारं शरीर पुरुषाचं झालं. आणि एडाचा नवरा भिंतीच्या फटीतून त्या दोघांना चोरून बघतो तेव्हा आपणही तेच करतोय हे एकदम लक्षात येतं.

सेलीन सियामा यांच्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’मध्ये (2019) तर हाच विषय आहे. चित्रकार मारियान समोर बसलेल्या एलोईझला तिच्या बारीकसारीक लकबी सांगते, तेव्हा एलोईझ तिला जवळ बोलावते आणि उलट मारियानच्याच लकबी सांगायला लागते, कधी कपाळाला हात लावतेस, कधी भुवया उंचावतेस. म्हणजे इतका वेळ तीही बघतच होती! माझ्या मते त्या सिनेमातला सगळ्यात उत्कट क्षण हाच, आणि दोघींच्या अंगावर पूर्ण कपडे आहेत.

बाईनं दिग्दर्शन केलं म्हणून नजर आपोआप बदलते किंवा पुरुषाला ती बदलता येत नाही असं मात्र नाही. नागिसा ओशिमा पुरुषच, त्यांच्या ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’मध्ये (1976) काहीच झाकलेलं नाही, जपानमधल्या बंधनांमुळे रीळं डेव्हलप करायला फ्रान्सला पाठवावी लागली होती, तरी त्यात वासना आणि नजर दोन्ही नायिकेची, सादाची आहे, पुरुष हळूहळू तिच्या हातातली वस्तू होत जातो. शेवट भयंकर आहे, तेव्हा मनाची तयारी असेल तरच बघा, सुरुवात सियामांपासून करा.