काळ थांबवणाऱ्या नायिकेला अडवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९ वर्षांची नायिका काळ थांबवू शकते, हवा तेवढा वेळ. बारा प्रकरणं झाली आणि आता तिच्यापुढे टिकेल असा कोणी उरला नाही. तिची शक्ती कमी करू की तिच्याहून भारी खलनायक आणू? पहिली पाच प्रकरणं मित्रांनी वाचलीत, त्यामुळे ती बदलायची नाहीत. तिसऱ्यात ती आजीच्या शेवटच्या रात्री काळ थांबवून तिच्या उशाशी बसते, ते सगळ्यांना आवडलंय.

माझं उत्तर: दोन्ही नको.

भारी खलनायक म्हणजे लिलावातली बोली. या भागात शंभर म्हणालात की पुढच्या भागात दीडशे म्हणावं लागतं, आणि तिसऱ्यात अख्खं ब्रह्मांड पणाला लागलेलं असतं तेव्हा वाचक जांभया देत असतो. शक्ती कमी केलीत तर बारा प्रकरणं तुमच्यावर विश्वास ठेवून वाचलेल्या माणसाला आपला खिसा कापला गेल्यासारखं वाटेल.

मी यात चांगलाच आपटलेलो आहे म्हणून सांगतो. माझा नायक पाऊस पाडायचा. हवा तिथे, हवा तेवढा. दोन वर्षं खपून लिहिलं आणि मावसबहिणीला वाचायला दिलं. पाचव्या दिवशी वही परत करताना तिने एवढंच विचारलं, "अरे, शेवटी जो पूर आणलास तो पहिल्याच दिवशी का नाही आणला त्याने?" मी घाईघाईने मध्येच एक ताईत घुसवला. ताईत हरवला की पाऊस बंद. ते वाचून ती म्हणाली, "आता सगळी गोष्ट ताईत सापडतो का याचीच झाली." वह्या अजून माळ्यावर आहेत.

नंतर कळलं की तिचा प्रश्न रामानेही विचारलाय. उत्तरकांडात राम अगस्त्यांना म्हणतो, हनुमान जर एवढा बलवान होता, तर वाली आणि सुग्रीवाचं वैर पेटलं तेव्हा त्याने वालीला जाळून का नाही टाकलं? सुग्रीव रानोमाळ पळतोय आणि हा नुसता बरोबर हिंडतोय! मग अगस्त्य शापाची गोष्ट सांगतात: लहानपणी हा ऋषींच्या आश्रमात धुडगूस घालायचा, म्हणून त्यांनी शाप दिला की तुला तुझ्या बळाचा विसर पडेल, कोणी आठवण करून देईल तेव्हाच ते परत येईल. उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कधीतरी कुणा श्रोत्याने माझ्या मावसबहिणीसारखं तोंड उघडलं असणार आणि कुणा कवीला ठिगळ लावावं लागलं असणार. (हा माझा तर्क, अभ्यासकांच्या माथी मारू नका.)

पण ठिगळ कुठे लावलंय ते बघा. किष्किंधाकांडात समुद्रकाठी सगळी वानरसेना हताश होऊन बसलीय, हनुमान एका बाजूला गप्प आहे आणि जांबवान त्याला त्याच्या जन्माची कथा सांगून उठवतो. हा प्रसंग आधीच होता. शापाने त्या गप्प बसण्याला कारण दिलं आणि झालेल्या गोष्टीतला एक शब्दही हलवावा लागला नाही. तुमचीही पाच प्रकरणं हलत नाहीत, म्हणून हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता कर्णाची शक्ती. माझ्या मते मर्यादा घालण्याचा इतका पक्का नमुना दुसरा नाही. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन कवचकुंडलं मागतो. सूर्याने आधीच सावध केलेलं असतं, तरी कर्ण देतो, कारण मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही हा त्याचा बाणा. बदल्यात 'शक्ती' नावाचं अमोघ अस्त्र मिळतं, पण एकाच शत्रूसाठी. मारलं की ते इंद्राकडे परत जाणार. शिवाय अट अशी की जीव धोक्यात असेल आणि दुसरं अस्त्र हाताशी नसेल तेव्हाच सोडायचं, नाहीतर ते उलटेल.

अस्त्राच्या ताकदीत कणभर कपात नाही. ज्याच्यावर सोडेल तो मेलाच. कर्णाने ते अर्जुनासाठी राखून ठेवलं. रोज रात्री कौरवांच्या तळावर ठरतं की उद्या अर्जुनावर ते सोडायचं, आणि रोज सकाळी ते राहून जातं. आपणच त्याला मोहात पाडत होतो असं कृष्ण नंतर सात्यकीला सांगतो. चौदाव्या दिवशी सूर्य मावळल्यावरही युद्ध चालूच राहतं आणि अंधारात बळ वाढणारा घटोत्कच सैन्य चिरडत सुटतो. सगळे कौरव कर्णाला ओरडून सांगतात, सोड ती शक्ती, नाहीतर उद्या लढायला कोणी उरणार नाही. कर्ण सोडतो. घटोत्कच पडतो, पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचायला लागतो. ते नाचणं लहानपणी ऐकलं तेव्हा मला कृष्णाचा राग आला होता. आता कळतं की त्याला दिसत होता तो फक्त हिशेब. पुतण्या गेला, अर्जुन वाचला.

यातली खुबी मोजा. शक्तीला 'एकदाच' ही अट घातल्याबरोबर ती प्रत्येक पानावर प्रश्न होऊन बसते: आता वापरू की राखून ठेवू? आणि शत्रूला नुसतं ताकदवान असून चालत नाही, त्याला डाव टाकावा लागतो. कृष्णाने कर्णाला हरवलेलं नाही, त्याला खर्च करायला लावलंय.

भीष्मांचं त्याहून सोपं. इच्छामरण असलेल्या माणसाला मारायचं कसं, हे पांडव रात्री जाऊन त्यांनाच विचारतात आणि ते सांगतात: मी शिखंडीवर शस्त्र धरणार नाही. मर्यादा त्यांच्या शब्दात आहे, शरीरात नाही. याउलट दुर्योधनाच्या मांड्यांची लोककथा घ्या. गांधारीच्या नजरेने सगळं अंग वज्राचं झालं, झाकलेल्या मांड्या तेवढ्या राहिल्या. ऐकायला झकास, पण त्याने भीमाचं ओझं उतरतं. महाभारतातला भीम नाभीखाली वार न करण्याचा गदायुद्धाचा नियम मोडतो आणि बलराम त्याच्यावर धावून जातो. मला हा भीम जास्त आवडतो.

आणि बाहेरून आणलेला दगड तर नकोच. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा आला तेव्हा तो उडतही नव्हता, फक्त लांब उड्या मारायचा. ताकद वाढत गेली तसा त्याला दुबळा करणारा दगड, क्रिप्टोनाइट, आणावा लागला, १९४३ मध्ये रेडिओवर आणि १९४९ मध्ये कॉमिकमध्ये. मग तो इतका झाला की १९७१ च्या एका अंकात पृथ्वीवरच्या सगळ्या क्रिप्टोनाइटचं लोखंड करून टाकलं. अर्थात काही वर्षांनी तो परत आलाच. माझ्या ताइताचीच मोठी भावंडं ती.

तर तुमची मुलगी. 'दिवसातून तीनदाच' असला आकडा घालू नका, ते मोबाइलच्या बॅटरीसारखं वाटतं. त्यापेक्षा विचारा, काळ थांबतो तेव्हा तिचा स्वतःचा थांबतो का? ती चालते, बोलते, विचार करते, म्हणजे तिचं शरीर चालूच आहे. मग थांबलेला प्रत्येक तास ती एकटी जगते. रोज तीन तास धरले तर आठ दिवसांत एक दिवस जास्त, आठ वर्षांत एक अख्खं वर्ष. तिच्याहून वर्षाने मोठी बहीण असेल तर एक दिवस दोघी एका वयाच्या होतील. लढाईआधी ती महिनाभर काळ थांबवून सराव करते तेव्हा जिंकतेच, पण महिनाभर एकही माणूस तिच्याशी बोललेला नसतो. खलनायकाला हे कळलं की त्याने तिला हरवायची गरज नाही. त्याने रोज असं काहीतरी घडवायचं की तिला थांबवावंच लागेल. साधा शिपाईगडी चालेल त्याला, डोकं असलेला.

आता तुमच्या तिसऱ्या प्रकरणाकडे या. ती आजीच्या उशाशी 'बराच वेळ' बसली, एवढंच तुम्ही लिहिलंय असं धरतो. बराच म्हणजे किती? मित्रांना सांगितलेलं नसेल, तर एक शब्दही न बदलता तो वेळ दोन वर्षांचा होऊ शकतो. मी तेरावं प्रकरण आईपासून सुरू करेन. दिवाळीच्या पहाटे ती मुलीच्या केसांना तेल लावतेय आणि तिच्या बोटांना एक पांढरा केस लागतो. ती तो वेगळा काढते, उजेडात धरते आणि विचारते, "त्या रात्री तू तिच्याजवळ किती वेळ बसली होतीस गं?"